हादरा कुणाच्या बाजूचा

बोम्मसंद्र्यात होसूर रस्ता सोडून कारखान्यांच्या भिंतींमधल्या गल्लीत शिरलं, की वळणावरच कृष्णात आणि श्यामलाचं गॅरेज लागतं. शेड एकच, पण कामं दोन. डाव्या अंगाला कृष्णात इंजिनं उघडून बसलेला असतो आणि उजव्या अंगाला श्यामला गाड्यांचे एसी दुरुस्त करते. मध्ये भिंत नाही, पडदाही नाही. तरी तो तिच्या बाजूच्या कामात बोट घालत नाही, आणि तीही त्याच्या. लग्नानंतर स्वयंपाकघरात जसे काही अलिखित नियम होऊन जातात, तसाच हा एक.

श्यामला निपाणीकडची. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकणाऱ्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. लग्न होऊन बेंगळुरूला आली, फ्रिज बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं राबली. तो कारखाना इथून उठला तेव्हा नवऱ्याच्या शेडची उजवी बाजू रिकामीच होती. तिनं तिथं आपली हत्यारं मांडली. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं आणि मेस्त्री कुठं गेलेत म्हणून विचारायचं. "मीच," असं ती सांगायची आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघत न बसता सरळ बॉनेट उघडायची. हळूहळू तो प्रश्न बंद झाला. आता आनेकलपासून सिल्क बोर्डपर्यंतचे टॅक्सीवाले तिला एसीअक्का म्हणतात. तिला ते आवडतं, पण तसं ती कुणाला सांगत नाही.

मार्चचं ऊन चढायला लागलं होतं तेव्हा एक दिवस सकाळी एक पांढरी अँब्युलन्स शेडसमोर येऊन थांबली. हेब्बाळच्या एका हॉस्पिटलची गाडी होती, नवजात बाळांना न्यायची. अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ लहान गावातल्या दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात पोहोचवायचं, एवढंच तिचं काम. आत काचेची पेटी, ऑक्सिजन, मॉनिटर, सगळा सरंजाम. चालवणारा महांतेश बैलहोंगलचा. त्याच्या बरोबर सोनम नावाची नर्सही आली होती, ती अथणीची. दोघंही मराठी बोलणारी, त्यामुळे बोलण्याला आडपडदा उरला नाही.

"एसी लावला की गाडी हादरायलीय अक्का," महांतेश म्हणाला. "उभी असली की जास्त. स्वल्प बघा की."

त्याच्या बोलण्यातून सगळी हकिकत कळली. गाडी आधी एका एसीवाल्याकडे गेली होती. त्यानं कॉम्प्रेसर बदलला. हादरा राहिलाच, तेव्हा तो म्हणाला, माझ्याकडचं काम संपलं, आता इंजिन दाखवा. मग गाडी इंजिनवाल्याकडे गेली. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं, ती माउंटिंगं त्यानं नवी घातली. तरी हादरा होताच. मग तोही म्हणाला, दोष एसीचाच आहे. अशी ती गाडी इकडून तिकडे टोलवली जात होती, आणि सोनमच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्तीनंतर हादरा कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढलाच होता.

मग सोनमनं आपलं दुखणं सांगितलं. बाळाच्या पायाला एक छोटा चिमटा लावलेला असतो, त्यावरून रक्तातला ऑक्सिजन मॉनिटरवर दिसतो. गाडी थरथरली की चिमटा थरथरतो, आकडे वेडेवाकडे पळतात आणि गजर वाजायला लागतो. बाळ खरंच अडचणीत आहे की नुसती गाडी हादरते आहे, ते कळत नाही. एसी बंद करावा तर भर उन्हात सिग्नलला अडकलेल्या गाडीत पेटीचं तापमान वर जातं. त्यामुळे गेले काही दिवस ती हेब्बाळ येईपर्यंत बाळाचं पाऊल दोन बोटांत धरून बसत होती.

"एकदा गजर खरा होता," ती म्हणाली. "मला वाटलं, गाडीच हादरतीय. लगेच लक्षात आलं म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून मला त्या मॉनिटरचा भरवसा वाटेना."

हे ऐकल्यावर श्यामलानं हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. कृष्णातनंही ठेवलं.

पहिली पाळी कृष्णातची. त्यानं गाडी चालू केली. एसी बंद असताना इंजिन अगदी गप्प होतं, स्टेअरिंगवर हात ठेवला तरी काही जाणवत नव्हतं. मग एसी लावला. क्षणभर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली गेला आणि इंजिन सावरून पुन्हा वर आलं. एसीचा भार पडला की चांगलं इंजिन असंच करतं. थोड्या वेळात मात्र गाडीच्या अंगात कापरं भरलं. मागच्या काचेच्या पेटीचं झाकण बारीक बारीक वाजायला लागलं. कृष्णातनं नवी माउंटिंगं तपासली, थ्रॉटल काढून साफ केला, प्लग बघितले. त्याला कुठंच काही सापडलं नाही. हात पुसत तो म्हणाला की इंजिनात दोष नाही, बघायचं ते उजव्या बाजूलाच बघावं लागेल.

मग श्यामलानं आपली दोन गेजं लावली आणि गॅसचा दाब बघितला. दोन्ही काटे जिथं असायला हवे तिथंच होते. पट्टा नीट ताणलेला होता, पुली सरळ फिरत होती. चालू कॉम्प्रेसरच्या अंगावर तिनं लांब पान्याचं टोक टेकवलं आणि दुसरं टोक कानाशी धरलं. आतला आवाज एकसारखा होता. नव्या कॉम्प्रेसरचा असायला हवा तसाच.

"एसीत काही नाही," ती म्हणाली. "इंजिनाकडचंच असणार."

महांतेश आणि सोनमनं एकमेकांकडे बघितलं. शहराच्या दोन टोकांना त्यांनी जे ऐकलं होतं, तेच आता एका छपराखाली, एकाच घरातल्या नवराबायकोच्या तोंडून ऐकायला मिळत होतं. महांतेशला हसू आवरेना. श्यामलाच्या ते ध्यानात आलं आणि तिला ते लागलं. आपणही त्या दोघांसारखंच गाडी दुसऱ्याच्या अंगणात ढकलून मोकळं होतोय, असं तिला वाटून गेलं.

कृष्णात तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, चहा घेऊ आणि पहिल्यापासून बघू. चहा आला, पण श्यामलानं तो घेतलाच नाही. ती अँब्युलन्सच्या मागच्या भागात चढली, बाळाच्या पेटीशेजारी मांडी घालून बसली आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. महांतेशला तिनं सांगितलं की मी म्हणेन तेव्हा एसी लाव, म्हणेन तेव्हा बंद कर, आणि मध्ये बोलू नको.

एसी लागला. पुढं कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच टक् करून धरल्याचा आवाज तिला आला. पण तळव्यांना काहीच लागलं नाही. मग हळूहळू, जमिनीतून वर यावी तशी थरथर आली, वाढत गेली आणि एका ठिकाणी पोहोचून स्थिरावली. तिनं एसी बंद करायला सांगितलं. क्लच सुटला. थरथर मात्र लगेच थांबली नाही, उतरत उतरत गेली आणि मग विरली. तिनं हे पुन्हा करून घेतलं. पुन्हा एकदा. चौथ्या वेळी तिचे डोळे मिटलेले होते आणि सोनम तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

श्यामला खाली उतरली. कॉम्प्रेसर वेग घेत घेत चालू होत नाही, हे तिला कारखान्यातल्या दिवसांपासून माहीत होतं. तो धरला की धरला, सोडला की सोडला. ही थरथर तशी नव्हती. ती वेग घेत होती आणि बंद केल्यावर वेग सोडत होती. घरातला पंखा बटण दाबल्यावर लागतो आणि बटण बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो, अगदी तशी.

ती गाडीच्या नाकाशी गेली. रेडिएटरला लागून विजेवर चालणारा पंखा होता. एसी लावला की तोही आपोआप लागतो. त्यामुळे हादरा आला की सगळ्यांना कॉम्प्रेसरच आठवत होता. तिनं पंख्याची वायर काढली आणि एसी लावायला सांगितला. क्लच टक् करून धरला, थंड हवा यायला लागली, आणि गाडी मात्र अगदी निवांत उभी राहिली. सोनमनं आतून ओरडून सांगितलं की झाकण वाजत नाही.

"पंखा," श्यामला म्हणाली.

कृष्णात मान हलवत होता, पण होकारार्थी नाही. तो भांडायला नव्हता उभा. त्याला शंका होती, आणि शंका रास्त होती. तो म्हणाला की हा पंखा भरपूर वीज ओढतो, ती वीज शेवटी इंजिनालाच द्यावी लागते. पंखा काढला तर इंजिनावरचा भार उतरला, म्हणून हादरा थांबला असेल. मग दोष पंख्याचा कसा म्हणायचा? आज नवा पंखा घालू आणि उद्या ही पोरगी पुन्हा बाळाचा पाय धरून बसेल.

श्यामलाला त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर कदाचित तिला राग आला असता. पण हा माणूस तिला खोटं पाडायला बघत नव्हता. तिच्या उत्तरात कुठं भोक राहायला नको, असं त्याला वाटत होतं. मग तिनं महांतेशला इंजिन पूर्ण बंद करायला सांगितलं, किल्लीसुद्धा काढून घ्यायला लावली. शेडमधली जुनी बॅटरी ती स्वतःच उचलून घेऊन आली, दोन वायरी जोडल्या आणि पंख्याला सरळ बॅटरीची वीज दिली.

पंखा लागला, वेग घेतला, आणि गाडीच्या अंगात कापरं भरलं.

इंजिन बंद होतं. एसी बंद होता. किल्ली महांतेशच्या मुठीत होती. तरी मागच्या पेटीचं झाकण बारीक वाजत होतं. गल्लीतून एक लॉरी गेली, तिचा आवाज ओसरला, आणि झाकणाचं वाजणं पुन्हा ऐकू यायला लागलं. कृष्णातनं गाडीच्या दारावर हात ठेवला, मग बंद इंजिनावर ठेवला, मग बायकोकडे बघितलं.

"पंखाच," तो म्हणाला.

तो असं म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नव्हती. उलट, इंजिन बंद करायची युक्ती आपल्या डोक्यात आली नाही आणि हिच्या आली, याचंच त्याला मनापासून कौतुक वाटत होतं. श्यामलाला ते दिसलं. तिनं वायरी सोडवल्या आणि पाना हातात घेतला.

पंखा काढून उजेडात धरला तेव्हा सगळ्यांना दिसलं. एका पात्याच्या टोकाचा तुकडा उडालेला होता. पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या कड्याआड तो भाग लपत होता, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पंखा धडधाकट वाटायचा. कधीतरी खडा लागला असेल. तुकडा गेला तसा पंख्याचा तोल गेला, आणि तोल गेलेला पंखा जोरात फिरायला लागला की सगळी गाडी हादरवतो.

जिगणीच्या रस्त्यावर सुट्या भागांचं दुकान होतं. महांतेश जाऊन नवा पंखा घेऊन आला. श्यामलानं तो बसवला, गाडी चालू केली, एसी लावला. हादरा गेला होता. सोनमनं टाळी वाजवली. पण श्यामला पुन्हा मागं चढली आणि तळवे टेकवून बसली, आणि तिच्या कपाळाची आठी गेली नाही. अगदी पातळ, असून नसल्यासारखी एक थरथर अजून तळव्यांना लागत होती. सोनम म्हणाली की एवढ्यानं मॉनिटरला काही होणार नाही, आम्हाला तर जाणवतसुद्धा नाही.

"मला जाणवतीय," श्यामला म्हणाली.

यावेळी कृष्णात आपणहून पुढं आला. पंख्याचा तोल सांभाळला तरी थोडी थरथर राहणारच, ती गाडीपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये रबर असतात, असं तो म्हणाला आणि जमिनीवर उताणा पडून गाडीच्या नाकाखाली सरकला. टॉर्च घेऊन तो बराच वेळ आत होता. मग त्याचं हसणं ऐकू आलं. रेडिएटर ज्या दोन रबरी पायांवर बसतो, त्यातला एक जागेवर नव्हताच. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी रेडिएटर हलवला असावा, आणि परत बसवताना रबर राहून गेला असावा. लोखंड लोखंडावर टेकलं होतं. म्हणून दुरुस्तीनंतर हादरा वाढला होता. सोनमचं म्हणणं खरं होतं.

त्याच्या खणात त्या मापाचा रबर होता. तो बसल्यावर श्यामलानं पुन्हा तळवे टेकवले. इंजिन चालू, एसी पूर्ण, पंखा जोरात. पेटीच्या झाकणावर सोनमनं पाण्याची बाटली उभी ठेवली. बाटलीतलं पाणी हललं नाही.

महांतेशनं विचारलं की मग शेवटी हादरा होता कुणाच्या बाजूचा. पंखा एसीचा की इंजिनाचा? कृष्णात म्हणाला, तो दोघांनाही वारा घालतो. म्हणून तर त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

गाडी रस्त्यावर तपासायची म्हणून चौघंही निघाले. महांतेश आणि कृष्णात पुढं, श्यामला आणि सोनम मागं. होसूर रस्त्यावर येतायेताच महांतेशचा फोन वाजला. अत्तिबेलेच्या एका दवाखान्यात सकाळी जन्मलेलं बाळ होतं, दिवस पुरे झालेले नव्हते, श्वास धड लागत नव्हता. दुसरी गाडी तुमकूरच्या वाटेवर होती. महांतेशनं आरशातून मागं बघितलं. गाडी आत्ताच दुरुस्त झालेली, अजून धड तपासलेलीही नाही. न्यावी की नको, हे त्याला सोनमला विचारायचं होतं, पण सोनमनं श्यामलाकडे बघितलं.

आपलं काम पक्कं आहे, हे श्यामलाला माहीत होतं. पण माहीत असणं आणि एका दिवसाच्या जिवासमोर ते बोलून दाखवणं यात फरक होता. तिनं पुढं बघितलं. कृष्णात मागं वळून तिच्याकडेच बघत होता. इथं बोलायचं ते तिनंच बोलायचं होतं.

"न्या," ती म्हणाली. "मी बरोबर येते."

अत्तिबेलेला बाळ आत आलं तेव्हा ते एवढंसं होतं की श्यामलाला आधी नुसती दुपटीच दिसली. सोनमचे हात भराभर चालत होते. पायाला चिमटा लागला, मॉनिटरवर आकडे उमटले, गाडी निघाली. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं बोम्मनहळ्ळीजवळ गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. सायरन वाजत होता, लोक बाजूला व्हायला बघत होते, पण व्हायला जागा नव्हती. वरून ऊन, गाडी जागच्या जागी, एसी पूर्ण लावलेला. हादरा येणार तर आत्ताच. श्यामलाचा तळवा जमिनीवर होता आणि डोळे मॉनिटरवर.

आकडे हलले नाहीत. हिरवी रेघ एका चालीनं पुढं सरकत होती. सोनम सवयीनं बाळाच्या पावलाकडे हात नेऊन थांबली, मग तो हात तिनं ऑक्सिजनच्या नळीकडे नेला, कारण आता त्याला दुसरं काम करायला मोकळीक होती. पुढं कोरमंगल्याच्या बाजूला एकदा गजर वाजला. आकडा खरोखरच उतरला होता. सोनमनं क्षणाचाही वेळ घालवला नाही. गाडी हादरते आहे का, हा विचारसुद्धा तिला करावा लागला नाही. तिनं नळी सारखी केली, ऑक्सिजन वाढवला, आणि आकडा परत जागेवर आला. श्यामलाला त्यातलं काय कळणार? एवढंच कळलं की यावेळी मॉनिटरनं सांगितलं ते खरं होतं आणि सोनमनं त्यावर विश्वास ठेवला होता.

हेब्बाळला पोहोचल्यावर बाळ आत गेलं. बऱ्याच वेळानं सोनम बाहेर आली, तिच्याबरोबर डॉक्टर कृष्णमूर्ती होते, त्या विभागाचे मुख्य. बाळ सावरतंय, असं त्यांनी सांगितलं. सोनमनं त्यांना वाटेतली सगळी हकिकत सांगितली होती. त्यांनी कन्नडमध्ये श्यामलाला विचारलं की गाडीचा दोष कसा सापडला, आणि ते विचारून निघून गेले नाहीत, उन्हात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. इंजिन बंद करून पंखा चालवल्याचं ऐकल्यावर ते म्हणाले, आम्हीही असंच करतो, एकेक कारण बाजूला काढत जातो. मग त्यांनी विचारलं की आमच्या बाकीच्या गाड्याही तुम्ही बघाल का.

श्यामला म्हणाली, "बघू. पण आम्ही दोघं मिळून बघतो."

परतताना दोघांना बस मिळाली, आणि बसायलाही जागा मिळाली. हेब्बाळचा तलाव मागं पडला. कृष्णात एरवी बसमध्ये झोपतो. आज त्यानं खिशातून फोन काढला आणि निपाणीला दिलेल्या आपल्या बहिणीला लावला. बहिणीला ऐकायला कमी येतं, म्हणून तो मोठ्यानं बोलत होता. आमच्या हिनं आज काय केलं ऐक, अशी त्यानं सुरुवात केली. अँब्युलन्स, बाळ, दोन गॅरेजवाले, सगळं आलं. इंजिन बंद असताना गाडी कशी हादरली, ते सांगताना त्यानं मोकळा हात हवेत थरथरवून दाखवला, जणू बहिणीला ते दिसणार होतं. बसमधली माणसं वळून बघायला लागली. समोरच्या बाकावरच्या बाईला मराठी येत असावं, कारण ती हसत होती.

श्यामला खिडकीकडे तोंड करून बसली होती. आवाज कमी करा, असं ती रोज सांगते. आज तिनं तसं सांगितलं नाही. बहिणीनं पलीकडून काहीतरी विचारलं, तिला मधला भाग कळला नसावा. कृष्णात म्हणाला, थांब, पहिल्यापासून सांगतो, आणि त्यानं खरंच पहिल्यापासून सुरुवात केली. श्यामलानं पदर सारखा केला, डोकं खिडकीला टेकवलं आणि तेही सगळं ऐकलं.